रोसामेलनं मागितलेला दिवस

रोसामेल नाउतो आमच्या फाटकाशी आला की आधी कुत्र्यांना कळायचं, मग मला, आणि त्यानंतरही तो घरात यायला बराच वेळ लागायचा. आमच्या बेटावर माणूस फाटकातून हाक मारतो, घरातलं कुणीतरी कुत्र्यांना दटावतं, आणि पाहुणा मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात येऊन चुलीजवळच्या बाकावर बसतो. शेंबड्या पोरालाही जमतं ते. रोसामेल मात्र हाकच मारायचा नाही. टोपी हातात धरून उभा राहायचा. कुत्री भुंकून भुंकून दमायची आणि त्याच्याच पायाशी अंग टाकायची. शेवटी मी खिडकीतून ओरडायची, "कोम्पाद्रे, पायांना मुळं फुटतील आता. या आत."

माझ्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला तो आणि त्याची बायको औदोलिया धर्माचे आईबाप म्हणून उभे राहिले, तेव्हापासून तो माझा कोम्पाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. त्या दिवशी पाद्रीबाबांनी दोघांना विचारलं, सैतानाला नाकारता का? औदोलियानं दोघांच्या वतीनं नाकारलं. रोसामेल तिच्या खांद्यामागे घाम पुसत होता. पाद्रीबाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं.

सगळ्या जन्माचं त्यांचं असंच चाललं होतं. बोलायचं तिनं, मागे उभं राहायचं त्यानं. दुकानात, होडीवर, मेंढरांच्या बाजारात, सगळीकडे पुढे औदोलिया. त्यांच्याकडे पाहुणे आले की हा मागच्या सरपणाच्या खोपीत शिरायचा आणि ते जाईपर्यंत लाकडं फोडत बसायचा. त्या घरी किती माणसं येऊन गेली ते सरपणाच्या ढिगावरून कळायचं. एका वर्षी गावच्या संताच्या सणाला आमच्या प्रार्थनाघरात त्याला जपमाळेतली एक प्रार्थना म्हणायला सांगितली. तो उभा राहिला, तोंड उघडलं, आणि तसाच दाराबाहेर चालू लागला. वर्षभर पुन्हा त्या दारात फिरकला नाही. काही लोक म्हणायचे, माज आहे. मला तसं कधी वाटलं नाही. मला नुसता संताप यायचा. धडधाकट माणूस, हाताला काम चांगलं, मनात कपट नाही, आणि चार माणसं दिसली की पसार व्हायचा.

औदोलिया फेब्रुवारीत गेली. तिच्या मागून नऊ दिवस प्रार्थना झाल्या, घर माणसांनी भरलेलं, आणि घरधनी खोपीत. आम्ही आत जपमाळ ओढतोय आणि मागून कुऱ्हाडीचा आवाज येतोय. लोकांना ते फार लागलं. सांत्वनाला आलेल्या माणसाचा हातसुद्धा धरायचा नाही म्हणजे काय? मला मात्र त्या आवाजात रडणं ऐकू येत होतं. नवव्या दिवशी मी जपाचे शब्द विसरले, इतकं ते ऐकवेना.

त्यांचं घर समुद्राच्या अगदी कड्यावर. औदोलियाच्या बापानं बांधलेलं, लाकडी पाट्यांचं. ती तिथंच जन्मली आणि तिथंच गेली. समुद्र दर हिवाळ्यात कडा खात होता. आधी कुंपण गेलं, मग कोंबड्यांचं खुराडं, आणि औदोलिया गेल्यानंतरच्या शरदात सफरचंदाचं झाड मुळांसकट खाली घसरलं. मागच्या पायरीपासून कड्यापर्यंत एखादी खुर्ची मांडता येईल एवढीच जागा उरली होती. आमच्याकडे जूनमध्ये भर हिवाळा; तेव्हाचं मोठं उधाण आलं की घर जाणार हे डोळ्यांना दिसत होतं. मरायच्या आधी औदोलियानं त्याच्याकडून एकच वचन घेतलं होतं, की घर वरच्या शेतात न्यायचं. हे मला तिनंच सांगितलं होतं. सांगून झाल्यावर म्हणाली, "पण हा कुणाला सांगणार, ओर्तेन्सिया?"

घर ओढून नेणं आमच्याकडे नवं नाही. खाली लांब ओंडके घालायचे, साखळदंड बांधायचे, बैलजोड्या जुंपायच्या आणि सगळ्यांनी मिळून ओढायचं. मिंगा म्हणतात त्याला. मजुरी नसते. घरधनी जेवू घालतो, आणि आज तुम्ही दिलेला दिवस तो उद्या तुमच्या बटाट्यांच्या काढणीला परत करतो. पण त्याची एक रीत आहे. घरधन्यानं स्वतः प्रत्येक घरी जायचं, चुलीपाशी बसायचं आणि विनवणी करायची. ज्याला विनवलं नाही तो येत नाही. न बोलावता जाणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. आणि निरोप्या पाठवून मागणं म्हणजे न मागणंच.

रोसामेलला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. तो याच मातीतला. पण भीती माणसाला काहीही सुचवते. एका सकाळी तो होडीनं शहरात गेला आणि रेडिओवर निरोप देऊन आला. बेटांसाठी रोज दुपारी निरोप वाचतात ना, अमक्याची आई दवाखान्यातून सुटली, तमक्याची गाय सापडली, त्यांतच. आम्ही जेवायला बसलो होतो. रेडिओवरची बाई वाचू लागली, की रोसामेल नाउतो सर्व शेजाऱ्यांना कळवतात, येत्या शनिवारी त्यांचं घर ओढायचं आहे, ज्यांना जमेल त्यांनी बैल घेऊन यावं, जेवणाची सोय आहे.

माझा नवरा क्लोदोमिरो यानं हातातला बटाटा खाली ठेवला आणि रेडिओ बंद केला.

"बैल जुंपायला रेडिओच येईल मग," तो म्हणाला.

तो शनिवार मी विसरणार नाही. आमचं घर टेकाडावर, तिथून त्यांचं अंगण सगळं दिसतं. रोसामेलनं मेंढरू कापलं होतं. पहाटेपासून अंगणात मोठी पातेली चढवलेली, बटाट्याच्या किसाचे मिल्काओ तळून ठेवलेले, सफरचंदाच्या दारूचं पिंप बाहेर काढलेलं. फळ्या टाकून लांब टेबल केलं होतं आणि त्यावर औदोलियाची पांढरी चादर अंथरली होती. तो स्वच्छ सदरा घालून फाटकाकडे तोंड करून बसला होता. दुपार झाली. कुणी आलं नाही. मी दोनदा शाल घेतली आणि दोनदा खुंटीला लावली, कारण मलाही त्यानं विनवलं नव्हतं. तिसऱ्या प्रहरी त्यानं उठून चादरीची घडी केली.

संध्याकाळच्या उजेडात कुत्री भुंकली. मी बाहेर पाहिलं तर फाटकाच्या खांबावर झाकलेलं भांडं, आणि कोम्पाद्रे पाठमोरे होऊन उताराला लागलेले. जनावर कापलं की शेजारी वाटा पोचवायचा, ही आमची रीत. हा गडी घरोघर खांबांवर भांडी ठेवून पळत होता. मी चपला न घालताच धावले आणि त्याची बाही धरली.

"हे काय, कुत्र्यांना ठेवलंत?"

त्यानं खांबावरच्या भांड्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "वाया जाईल. कुणी आलं नाही."

"तुम्ही कुणाला बोलावलंत?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे कुणालाच नाही. माणसाकडे मागायचं तर त्याच्या चुलीपाशी बसून मागायचं. त्याला नाही म्हणायचं असलं तर तोंडावर म्हणता आलं पाहिजे."

"तेच," रोसामेल म्हणाला. "नाही म्हणाले तर?"

इतक्या वर्षांत त्यानं मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी त्याला आत आणलं, बाकावर बसवलं, भोपळ्याच्या तुंब्यात माटेचा, म्हणजे आमच्या कडू चहाचा, पाला घालून गरम पाणी ओतलं आणि तुंबा त्याच्या हातात दिला. म्हटलं, नाही म्हणाले तर उठायचं, टोपी घालायची आणि पुढच्या घरी जायचं. औदोलियाला काय कुणी कधी नाही म्हटलं नाही? याच चुलीपाशी क्लोदोमिरोनं तिला एका वर्षी पेरणीला नाही म्हटलं होतं, आमचीच पेरणी अडली होती म्हणून. तिनं माटे संपवला, माझ्या पोरांची चौकशी केली, आणि बाहेर पडून फाटकापाशी डोळे पुसले. मग पुढच्या घरी, आर्नोल्दो बार्रियाकडे गेली.

त्यानं तुंबा खाली ठेवला. "औदोलिया रडली?"

"रडली. आणि कुठल्याही घरी शिरायच्या आधी ती फाटकाशी थांबायची, ओठ ओले करायची, तळहात एप्रनला पुसायची. घाबरायची ती. तुम्ही तर नेहमी बरोबर असायचात."

"मी मागे असायचो, कोमाद्रे," तो म्हणाला. "मला तिची पाठच दिसायची."

मग तो रडला. मोठ्यानं, पोरासारखा, माझ्या चुलीपाशी. क्लोदोमिरो गाय बघायला म्हणून उठून गेला. मी चुलीत लाकूड सारत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागला. पहिली अट माझी, फाटकातून हाक मारायची. ऐकू आली नाही तर मी कुत्र्यांना आवरणार नाही. पहिल्या दिवशी कुत्र्यांनी त्याची विजार फाडली. मी ती शिवून दिली, पण अट सोडली नाही. आत आल्यावर मी कधी आर्नोल्दो व्हायची, कधी त्याची बायको, कधी टेकाडापलीकडची कुणी खवट मंडळी, आणि तो मला विनवायचा. सुरुवातीला तो चुलीवरच्या किटलीशी बोलायचा. मी म्हणायची, किटलीकडे बैल नाहीत, माझ्याकडे बघा. मग माझ्या हनुवटीशी बोलायला लागला. तिथून डोळ्यांपर्यंत यायला आणखी काही दिवस गेले. शब्द मी शिकवले तेच, औदोलियाचे: "मी एक दिवस मागायला आलोय. दिवसाला दिवस परत करीन." ती म्हणायची तेव्हा सोपे वाटायचे. त्याच्या तोंडात ते गरम बटाट्यासारखे फिरायचे.

मे महिना निघून चालला होता. कड्यावरून आणखी एक ढेकूळ गेलं आणि मागची पायरी अधांतरी लटकली. मी म्हटलं, आता पुरे, निघा.

पहिलं घर त्यानं स्वतः निवडलं. सुनिल्दा म्हातारीचं. तिला धड ऐकू येत नाही. मला वाटलं, लबाडी केली, न ऐकणाऱ्या बाईला विनवणी करून आला. पण झालं उलटंच. म्हातारीनं कानाशी हात नेऊन त्याला पुन्हा पुन्हा बोलायला लावलं, मोठ्यानं, अजून मोठ्यानं, आणि शेवटी तो असा ओरडला की खाली किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. म्हातारी म्हणाली, दोन्ही मुलं येतील बैल घेऊन. तो परतताना आमच्या फाटकाशी थांबला आणि मी बोलावलं नसताना त्यानं हाक मारली. काही काम नव्हतं. नुसती हाक मारली आणि पुढे गेला.

त्यानंतर तो दररोज कुठल्या ना कुठल्या घरी जायचा. तिथं काय व्हायचं ते मला बायकांकडून कळायचं. कुठं घाम फुटला, कुठं माटेचा तुंबा हातातून सांडला. एका घरी शब्द विसरला आणि नुसतंच "घर... औदोलियाचं..." म्हणाला, तेही पुरलं. आणि एक गोष्ट कुणाच्या ध्यानात नव्हती. बायकोच्या मागे उभा राहून इतकी वर्षं त्यानं सगळं ऐकलं होतं. कुणाच्या मुलीचं दक्षिणेकडे लग्न झालं, कुणाची घोडी लंगडते, कुणाचा बाप कुठल्या वादळात गेला. तो बसल्या बसल्या हळूच विचारायचा, आणि घरातली माणसं चकित व्हायची. याला तर आम्ही ठाऊक आहोत.

आर्नोल्दो बार्रियाचं घर मात्र डोंगराएवढं होतं. बेटावरची सगळ्यात दांडगी जोडी त्याची, आणि ओढताना हाक द्यावी तर त्यानंच. त्याच्या हाकेशिवाय बैल एकदम जोर लावत नाहीत आणि घर तिरकं होतं. रोसामेल तिथं एक दुपार बसला, माटे प्यायला, न मागता परतला. दुसऱ्या दिवशीही तेच. आर्नोल्दोच्या बायकोला दया आली. ती नवऱ्याला म्हणाली, तुम्हीच विषय काढा ना. त्यावर आर्नोल्दो रोसामेलकडे वळून म्हणाला, "तुम्हाला काय हवंय ते मला माहीत आहे. पण ते मी बोललो तर मागणारा मी होईन. उद्या या."

तिसऱ्या दिवशी रोसामेलनं मागितलं. सगळं, नीट, डोळ्यांत बघून. आणि आर्नोल्दो नाही म्हणाला. जोडीतल्या एका बैलाचा खूर दुखावला होता, जुंपला असता तर कायमचा गेला असता. खोटं नव्हतं ते. आर्नोल्दोच्या बायकोनं मला सांगितलं, रोसामेलनं टोपी उचलली, तो अर्धा उठला. मग पुन्हा बसला.

"बरं," तो म्हणाला. "मग तुम्ही या. हाक द्यायला."

हे मी शिकवलं नव्हतं. हे औदोलियाचंही नव्हतं. आर्नोल्दोनं हो म्हटलं. बैलांची तूट भरायला रोसामेल त्याच पावली टेकाडापलीकडच्या खाडीवर गेला, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि दोन जोड्या मागून घेऊन आला.

दिवस ठरला. सगळ्या बेटाला विनवून झालं आणि आम्हाला नाही. शेवटचा आठवडाभर तो आमच्याकडे फिरकलाच नाही. आदल्या संध्याकाळी क्लोदोमिरो मिश्कीलपणे म्हणाला, तुझा शिष्य आपल्याला विसरला वाटतं. मी इतकी भडकले की त्याच्या ताटात बटाटे आदळले. माझ्या बाकावर बसून रोज मागत होता, ते मागणं नव्हतं, तो सराव होता, हे मला कळत होतं. रीत ती रीत. न विनवता मी जाणार नव्हते. तरी मिल्काओसाठी बटाटे किसत बसले, आणि किसता किसता डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याला कांद्याचंही निमित्त नव्हतं.

सकाळी मी चूल पेटवत होते तेव्हा फाटकातून हाक आली. खणखणीत. कुत्री उठायच्या आत मी दार उघडलं होतं.

रोसामेल आत आला. औदोलिया बसायची त्या जागी बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. मी माटे दिला. त्यानं तो सावकाश संपवला.

"कोमाद्रे ओर्तेन्सिया, कोम्पाद्रे क्लोदोमिरो. मी एक दिवस मागायला आलोय."

"आज आठवण झाली?" मी म्हटलं. माझी जीभ मला आवरत नाही.

"तुमचं घर मी शेवटी ठेवलं," तो म्हणाला. "बाकी कुणी नाही म्हणालं असतं तर मी पुढच्या घरी गेलो असतो. तुम्ही नाही म्हणालात तर मला पुढे घर नाही."

मला उत्तर द्यायचं होतं. बेटावर माझ्या तोंडाला घाबरतात लोक.  पण मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले, आणि त्या दिवशी माझ्या वतीनं क्लोदोमिरो हो म्हणाला.

घर ओढलं त्याचं काय सांगू. आधी देवाच्या तसबिरी आणि लोखंडी चूल बाहेर काढली, खिडक्यांच्या काचा उतरवल्या. आर्नोल्दोनं हाक दिली, साखळदंड ताणले, सगळ्या घराच्या सांध्यासांध्यातून आवाज आला आणि ते कड्यापासून सुटलं. दोनदा चिखलात अडलं. बायकांनी दोर धरले, सुनिल्दा म्हातारीनंही धरला. दुपार उलटायच्या सुमारास घर वरच्या शेतात उभं होतं, आणि त्याच्या मागच्या खिडकीतून दफनभूमीचे क्रूस दिसत होते. रोसामेल प्रत्येकाच्या ताटात स्वतः वाढत होता आणि प्रत्येकाला सांगत होता, तुमचा एक दिवस माझ्याकडे आहे. आवाज अजून कापत होता. तो कायमच थोडा कापणार, हे मला तेव्हा कळलं, आणि त्यानं काही बिघडत नाही हेही.

बैल अजून जुंपलेलेच होते. आर्नोल्दोनं खाली बोट दाखवून विचारलं, ती सरपणाची खोप राहिली आहे, हलकी आहे, एका दमात येईल. आणायची का?

रोसामेलनं खाली पाहिलं. "राहू दे ती," तो म्हणाला.

जूनच्या उधाणात खोप गेली. सकाळी किनाऱ्यावर तिच्या फळ्या आणि फोडलेली लाकडं तरंगताना दिसली, तेव्हा मी शाल घेऊन त्याला सांगायला निघाले. वरच्या शेताच्या फाटकाशी पोचले आणि हाक मारायला तोंड उघडलं, तोवर तो दारात येऊन उभा राहिला होता.

"या कोमाद्रे," तो म्हणाला. "आत या."